ओव्हाळबाईंचे नऊ दिवस

मे महिन्यात, सकाळी सव्वासहाला, संत तुकाराम नगरच्या थांब्यावर एक बाई हातावर तपकिरी लोकरी स्वेटर घेऊन कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या असत. त्या वेळीही अंगाला घाम असे. एकदा एका रिक्षावाल्याने विचारले, "ताई, महाबळेश्वरला निघाला काय?"

"नाही, महाळुंग्याला," बाई म्हणाल्या. चेहरा सरळ. रिक्षावाला अजून विचार करत असेल.

त्या प्रज्ञा ओव्हाळ. महाळुंग्याच्या ज्या कारखान्यात गिअरची चाके बनत, तेथे मी तपासणी खात्याचा प्रमुख होतो आणि त्या माझ्या खात्यात स्टँडर्ड रूम सांभाळत. कारखान्यातील मोजण्याची सर्व साधने या खोलीत पारखली जातात, आणि ज्या मापावर वाद होतो त्याचा अखेरचा निकाल तेथेच लागतो. खोलीचे तापमान बारा महिने वीस अंश असते. म्हणून स्वेटर. चाकणच्या उन्हातून आत गेलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटे बरे वाटते. पुढची पाच मिनिटे तो शिंकतो.

खोलीच्या दारावर एक पाटी होती. 'गरम माल मोजू नये.' ती मी लावलेली. लोखंड गरम असताना फुगलेले असते, आणि निवेपर्यंत त्याचे माप बदलत राहते. बदलत्या वस्तूचे माप हे माप नव्हे, असे मी तीस वर्षे शिकवले. लोकांनी माना डोलावल्या. मनावर घेतले ते ओव्हाळबाईंनी.

कोणतीही वस्तू मोजण्यापूर्वी त्या उजव्या हाताची पालथी बाजू तिला लावीत. आई मुलाचा ताप पाहते तशी. खोलीत उत्तम तापमापक होता आणि तो त्या नंतर वापरीतच. पण आधी हात. मग म्हणत, "अजून आलेला नाही." वस्तू समोर टेबलावर असे. बाईंच्या लेखी ती आलेली नसे. खोलीच्या तापमानाला पोचली, म्हणजे आली.

त्या रुजू झाल्या त्याच महिन्यातली गोष्ट. उत्पादन विभागाचा शिंदे नावाचा सुपरवायझर एक तीनशे मिलिमीटर व्यासाची रिंग उचलून घेऊन आला. शिंदे लातूरकडचा. तोंडाने तिखट, कामाला चोख. रिंग त्याच्या मापाने मोठी भरत होती. स्टँडर्ड रूमने तसे लिहून दिले की सगळी खेप पुन्हा घासायला घ्यायची, असा त्याचा बेत होता. मी काचेच्या दाराशी उभा होतो, म्हणून पुढचे ऐकले.

"मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे. बाहेर गाडी उभी आहे."

बाईंनी हात लावला. "अजून आलेला नाही."

"कोण?"

"हा."

"अहो, मी स्वतः उचलून आणलाय की! हा काय पाहुणा आहे का?"

"पाहुणाच आहे. चार तास बसू द्या."

"चार तास! मग चहापण पाजू का त्याला?"

"चहा नको. अजून तापेल."

शिंदे तडक माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्हीच सांगा आता." मी पाटीकडे बोट दाखवले. तो पाय आपटत गेला. चार तासांनी रिंग मोजली. बरोबर होती. केसाच्या जाडीहून कमी, पन्नास मायक्रॉन, एवढीच ती उन्हाने फुगली होती. खेप घासली असती तर सगळी भंगारात गेली असती. शिंदेने माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी नवी रिंग आणली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "पाहुणे आलेत. बसवून घ्या." तेव्हापासून आमच्या कारखान्यात गरम मालाला पाहुणा म्हणतात. आता तेथे असे लोक आहेत ज्यांना याचे कारण ठाऊक नाही.

त्यांचे दुसरे एक वाक्य होते. "माप आणि मत एका रकान्यात लिहायचं नाही." नव्या माणसाने आकड्याच्या जागी 'ठीक' असे लिहिले की त्याला पूर्ण पान पुन्हा लिहावे लागे. खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी सही. चूक वाचता आली पाहिजे, असे त्या म्हणत.

दोष होते. त्या हट्टी होत्या, संथ होत्या, आणि राग विसरत नसत. एका वर्षी त्यांनी सहा दिवसांची रजा मागितली. ऑडिट तोंडावर होते. मी नाकारली. पुढे तीन आठवडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. खात्याच्या रजिस्टरात मात्र रोज एक ओळ असे. 'साहेबांच्या माहितीसाठी : आज खोलीचे तापमान वीस अंश.' मी खाली लिही, 'नोंद घेतली.' चौथ्या आठवड्यात कोणाच्या तरी हातून मोजमापाचा एक गेज पडला, आणि तोंडाने बोलणे भाग पडले. ती रजा कशासाठी हवी होती हे मी विचारले नव्हते. विचारायला हवे होते.

ते पुढे बसमध्ये कळले. बाई त्या वेळेत नेहमी काही वाचत, आणि मी नेहमी पुढच्या बाकावर बसे. त्या दिवशी जागा नव्हती, म्हणून त्यांच्या शेजारी बसलो. त्यांच्या मांडीवर ठिपक्यांचा एक कागद होता. आमच्या कामात असे तक्ते रोज पाहावे लागतात. मी पाहिला आणि सवयीने म्हणालो, "ही प्रक्रिया हाताबाहेर गेली आहे."

"हो, सर. तिला हातात घेणारं कोणी नाही."

"कोणते मशीन?"

"मशीन नाही. कृष्णविवर आहे."

मी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर सिमेंटचे ट्रक होते. मोशीपासून पुढे ते असतातच. त्यामुळे सवड भरपूर होती, आणि बाईंनी मला समजावून सांगितले. मी समजलो तेवढे येथे लिहितो.

एक साधा तारा आणि एक कृष्णविवर एकमेकांभोवती फिरत असतात. विवर ताऱ्यावरचा वायू ओढून घेते. तो वायू सरळ आत पडत नाही. मोरीच्या जाळीभोवती पाणी फिरते तसा तो फिरतो, त्याची तबकडी बनते, आणि ती इतकी तापते की तिच्यातून क्ष-किरण निघतात. विवर दिसत नाही. आत जाण्याआधीचा वायू दिसतो. बहुतेक काळ सारे शांत असते. काही वर्षांनी एकदा ते भडकते आणि काही महिने भडकलेले राहते. त्या महिन्यांत त्याची अवस्था बदलते. आधी विवराजवळ विरळ, अतितप्त वायूचा ढग असतो, तेव्हा किरण भेदक असतात. त्या अवस्थेला कठीण म्हणतात. मग तबकडी आत सरकते, ढग ओसरतो, किरण मवाळ होतात. ती मृदू अवस्था. पहिल्या अवस्थेत विवराच्या दोन्ही बाजूंनी जे फवारे उडत असतात ते दुसरीत थांबतात. शेवटी सगळे मंदावते आणि पुन्हा पहिल्यासारखे होते.

"का बदलतं ते कोणालाच नीट माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कसं बदलतं, तेवढं मी बघते."

"कठीण म्हणजे आपण मोजतो तो कठीणपणा?"

"नाव तेच, सर. लोखंडावर मारतो तसा ठसा मारून बघायला तिथे जाता येत नाही."

"दुर्बीण कोठे ठेवता?"

"दुर्बीण नाही. उपग्रह मोजतात आणि त्यांची मापं सगळ्यांना खुली असतात. मी पाळीनंतर, दिवसाउजेडीच बघते, घरी, कॉम्प्युटरवर. मला शनीसुद्धा ओळखता येत नाही."

नोकरी सांभाळून त्या पीएच.डी. करत होत्या. बरीच वर्षे झाली होती. विद्यापीठाने मुदत एकदा वाढवून दिली होती. दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. नाकारलेली रजा प्रबंध लिहिण्यासाठी होती. मी माझ्या थांब्यावर उतरलो.

एका रविवारी काही कागदांवर सही हवी होती, म्हणून त्यांच्या घरी गेलो. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. हात अजून फिटरचे. कपाटावर बुद्धाची लहान मूर्ती, आणि तिच्या शेजारी भिंतीला टाचलेला तोच ठिपक्यांचा कागद. वडिलांनी मला त्या कागदाजवळ उभे केले आणि काही न बोलता स्वतःही उभे राहिले. हा त्यांचा पाहुणचार.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या चव्हाणकाकू आल्या. हातात मुलाची पत्रिका.

"प्रज्ञा, जरा बघ गं. मंगळ आडवा येतोय म्हणतात."

"काकू, मला त्यातलं काही कळत नाही."

"असं कसं? तुझे बाबा जिन्यात सगळ्यांना सांगतात, आमची पोरगी ताऱ्यांचं बघते."

"एकाच ताऱ्याचं बघते. आणि त्याच्यावरही माझं काही चालत नाही."

"मग इतकी वर्षं शिकतेस तरी काय?"

वडील वर्तमानपत्रामागे गेले. वर्तमानपत्र हसण्याने हलत होते. काकू गेल्यावर ते गंभीर होऊन मला म्हणाले, "साहेब, प्रश्न तसा बरोबर आहे. दर वर्षी मी म्हणतो, यंदा होईल." मुलीने ते ऐकले आणि सही करून कागद माझ्याकडे दिले.

प्रबंध सादर करण्याआधी बाईंनी मला मुख्य आलेख दाखवला. डावीकडे ठिपक्यांचा एक दाट पुंजका : कठीण अवस्था. उजवीकडे दुसरा : मृदू. मध्ये पांढरा कागद. त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा की हे विवर एका अवस्थेतून दुसरीत एका उडीत जाते.

मी म्हणालो, "स्वच्छ आहे."

माझ्या तोंडून एवढे आले की माझ्या खात्यातले लोक ते घरी जाऊन सांगत. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. आता लिहितो ते टाळता आले असते तर बरे. तक्ता फार स्वच्छ आला तर आधी मोजणाऱ्याला प्रश्न विचारावा, हेही मीच तीस वर्षे शिकवले होते. त्या दिवशी मी तो विचारला नाही. त्यांच्या मार्गदर्शकांनीही विचारला नाही. स्वच्छ कागद पाहून माणसाला विसावा वाटतो.

पाच महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, बाई माझ्या केबिनमध्ये आल्या. पत्र टेबलावर ठेवले आणि उभ्या राहिल्या. दोन परीक्षकांपैकी एकाने प्रबंध मान्य केला होता. दुसऱ्या परीक्षक बाईंनी परत पाठवला होता. त्यांनी लिहिले होते की उमेदवार एका उडीची गोष्ट सांगतात, पण ज्या नऊ दिवसांत बदल घडला त्या दिवसांच्या नोंदी प्रबंधात नाहीत. उपग्रहाने त्या दिवसांत मोजले होते. मग ती मापे गेली कोठे? उत्तर देऊन प्रबंध सुधारायला चार महिने. नाहीतर नामंजूर.

"सर," बाई म्हणाल्या, "मी गरम माल मोजला नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला. कोणत्या नोंदी घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या, याचे काही नियम त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. त्यातला एक असा की मोजणी चालू असताना किरणांचे माप ठरावीक मर्यादेपलीकडे हलले, तर तो स्रोत स्थिर नाही. ती नोंद सोडावी. हा नियम त्यांना इतका उघड वाटला होता की त्याबद्दल त्या कोणाशी बोलल्याही नाहीत. परिशिष्टात एक ओळ होती, तेवढीच. बदल घडत होता ते दिवस त्या नियमाने गळले. उरले फक्त आधीचे आणि नंतरचे. मग उडी दिसणारच.

"हा नियम कोणाचा?" मी विचारले.

"माझाच, सर."

"नाही," मी म्हणालो.

त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. मी विचारले, "त्या नोंदी आहेत?"

"आहेत."

आमच्याकडे नाकारलेला माल फेकत नाहीत. त्याला लाल रंग लावतात आणि कुलपाच्या जाळीत ठेवतात. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय तो भंगारात जात नाही. बाईंनी आकाशालाही हीच शिस्त लावली होती. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची वही होती. सोडलेली प्रत्येक नोंद तीत होती : दिवस, आकडा, कारण. त्यांनी ती उघडली. नऊ दिवस. नऊही दिवसांपुढे एकच कारण. 'स्थिर नाही.'

त्या रकान्यावरून त्यांनी बोट खालपर्यंत नेले.

"हे माप नाही," त्या म्हणाल्या. "हे मत आहे. मी मत लिहिलं."

आणि मी न सांगता खुर्चीवर बसल्या. सात वर्षांत प्रथमच.

नोंदी होत्या. पण हलत्या वस्तूचे माप कसे वाचायचे, हा प्रश्न उरला. बाईंनी ते कधी केले नव्हते. मी तर जन्मभर टाळले होते. मी उठलो आणि म्हणालो, "भट्टीवर चला."

आमच्या भट्टीवर किसनतात्या होते. महाळुंगे गावातलेच, जुने, डोक्याला टोपी. लोखंड तापवून, निववून त्याला हवा तो गुण आणणे हे त्यांचे काम. भट्टीशेजारी एक यंत्र असे. कागदाची गुंडाळी सावकाश सरके आणि पेन तिच्यावर तापमानाची रेघ ओढत राही. त्या रेघेवर तात्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा आमच्या खात्यावर नव्हता.

"तात्या, माल बदलत असताना तुम्ही मोजता का?" मी विचारले.

"आमी तर बदलतानाच मोजतो, साहेब. निवल्यावर मोजाया तुमी हाय की." मग बाईंकडे वळून, "ताई, निवल्यावर एवढंच कळतं, माल झाला का न्हाई. कसा झाला ते न्हाई कळत. ते पेनला ईचारायचं."

त्यांनी जुनी गुंडाळी काढून फरशीवर पसरली. चढत्या रेघेत एका जागी रेघ जराशी आडवी झाली होती. "हितं लोखंड आतनं पालटतं. पालटताना थबकतं. आता उतरताना बघा. त्याच जागी थबकंल म्हणाल, तर न्हाई. पार खाली येतं, मग थबकतं. गेल्या वाटंनं माघारी येत न्हाई ते."

बाई गुडघ्यांवर बसल्या. "माझंही असंच आहे, तात्या."

"तुमचं काय?"

"एक विवर आहे आकाशात. चढताना खूप तेजस्वी झाल्यावर पालटतं. उतरताना मात्र पुष्कळ मंद होईपर्यंत पालटत नाही."

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. "साहेब, ताई बरी हाय नव्हं?"

"बरी आहे. खरे सांगते आहे."

"मग आवघड काय त्याच्यात?"

"हे सगळ्यांना माहीत आहे, तात्या. पण पालटताना मधे काय होतं, ते मी बाजूला ठेवून दिलं."

"मग काढा की बाहेर. फकस्त एक सांगतो. दिसाचं अॅव्हरेज काढू नगा. अॅव्हरेज काढलं की थबका मरतो. पेनागत घडीघडीला मांडा."

परत येताना बाई माझ्या पुढे चालत होत्या. स्टँडर्ड रूमच्या दाराशी थांबून त्यांनी पाटी वाचली आणि आत गेल्या. त्या दुपारी मी त्यांची चार आठवड्यांची रजा मंजूर केली. अर्ज त्यांनी केला नव्हता. तो त्यांनी दुसऱ्या दिवशी दिला, मागील तारीख न टाकता, आणि शेऱ्याच्या जागी लिहिले, 'मंजुरीनंतर सादर.'

पुढचे काम त्यांचे. मला दिसले ते एवढे. प्रत्येक दिवसाच्या नोंदीचे त्यांनी काही काही मिनिटांचे तुकडे केले आणि ते वेळेच्या क्रमाने मांडले. तीन महिन्यांनी, बसमध्ये, त्यांनी मला नवा आलेख दाखवला. डावीकडचा पुंजका आणि उजवीकडचा पुंजका होतेच. मधल्या पांढऱ्या कागदावर आता ठिपक्यांची वेडीवाकडी माळ होती. ती उजवीकडे निघाली होती. सहाव्या दिवशी मागे वळली होती. काही तास जवळजवळ जुन्या जागी जाऊन राहिली होती. मग पुन्हा निघाली आणि परत आली नाही. उडी नव्हतीच. उंबऱ्यावरची घालमेल होती.

"घाण दिसतो ना, सर?"

"हो," मी म्हणालो. "आता विश्वास बसतो."

त्यांनी निष्कर्षाचे प्रकरण पुन्हा लिहिले, पहिल्याच्या नेमके उलट. पहिला निष्कर्ष काढून टाकला नाही. तो चुकीचा का होता हे सांगून ठेवला. चूक वाचता आली पाहिजे. मार्गदर्शकांना हे धोक्याचे वाटले. परीक्षकांच्या हाती आपणच काठी का द्यावी, असे त्यांचे म्हणणे. बाई हट्टी होत्या हे मी आधी लिहिले आहे.

मधल्या काळात मी निवृत्त झालो. भाजी बाजारात त्यांचे वडील भेटले. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "साहेब, होईल का?"

मी मत देत नाही. "माप अजून यायचे आहे," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पिशवी उचलली. त्या आठवड्यात मी तीन वेळा बाजारात गेलो. तेवढी भाजी आम्हाला लागत नाही.

तोंडी परीक्षा खुली होती, कोणालाही बसता येई. एका गुरुवारी सकाळी विद्यापीठातल्या त्या खोलीत वडील पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. शिंदे अर्धा दिवस रजा काढून आला होता. तात्याही आले. त्यांना इंग्रजीतले काही कळणार नव्हते, पण पडद्यावर आलेख आला तेव्हा ते शिंदेला कोपराने ढोसून म्हणाले, "ह्यो बघ थबका." मी शेवटच्या रांगेत होतो. बाईंनी स्वेटर घातला होता. खोलीत पंखाही धड चालत नव्हता.

परीक्षक बाई वयस्क, बारीक आवाजाच्या होत्या. त्यांनी शेवटी, मराठीत, तोच प्रश्न विचारला. "हे नऊ दिवस तुम्ही आधी का वगळले?"

"मी कारखान्याच्या मापनकक्षात काम करते. तिथे बदलत्या वस्तूचं माप घेत नाहीत. तशी पाटीच आहे दारावर. सवयीने मी तो नियम इथेही लावला."

"मग ती पाटी आता काढणार?"

"नाही. त्या खोलीत ती बरोबर आहे. रिंग चार तास बसणारच."

शिंदे मोठ्याने हसला. परीक्षक बाईही हसल्या. "पाटी कोणाची?"

मी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"सवय माझी होती, मॅडम," ओव्हाळबाई म्हणाल्या. त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिले नाही. यशात इतरांचा वाटा सांगणारी माणसे मी अनेक पाहिली. चुकीतला वाटा न सांगणारी फार थोडी.

आम्हाला बाहेर काढले. निर्णय आत चालला होता. वडील भिंतीला टेकून उभे होते, डोळे दारावर. पाच मिनिटे. दहा मिनिटे. तात्या कुजबुजले, "साहेब, भट्टी उघडाया एवढा येळ लागत न्हाई." कोणी हसले नाही. मग दार उघडले, मार्गदर्शक बाहेर आले आणि म्हणाले, "डॉक्टर ओव्हाळ, आत या."

वडिलांनी प्रथम आजूबाजूला पाहिले. हे कोणाला म्हटले, असे. मग शिंदेने त्यांना मिठी मारली आणि तो म्हणाला, "काका, पाहुणे आले!"

मी जिना उतरून खाली गेलो आणि चहा सांगितला. आम्ही पाच जण होतो. सात चहा आले. टपरीवाला म्हणाला, "तुम्हीच सात म्हणालात, आजोबा." म्हणालो असेन. बाई खाली आल्या. ग्लासाला हाताची पालथी बाजू लावली आणि म्हणाल्या, "अजून आलेला नाही." आम्ही सगळे थांबलो.

दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत त्यांना जागा मिळाली. त्यांच्या कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी माझेही तेथे एका सहीचे काम होते. योगायोग नव्हता. सही कोणत्याही दिवशी चालली असती. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी नको म्हटला होता. पाळी संपायला तासभर होता, म्हणजे त्या खोलीत असणार.

मी स्टँडर्ड रूमच्या दाराशी गेलो. माझी पाटी होती. तिच्या खाली, लहान सरळ अक्षरांत, दुसरी ओळ आली होती. 'मोजावाच लागला, तर वेळ लिहावी.'

काचेतून आतले दिसत होते. टेबलावर एक रिंग. शिंदे हात मागे बांधून उभा, पाहुण्यासोबत आलेल्या नातेवाइकासारखा. तपकिरी स्वेटरातल्या बाईंनी हाताची पालथी बाजू रिंगला लावली, माप घेतले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि रजिस्टरात लिहिले. थोड्या वेळाने पुन्हा हात, पुन्हा माप, पुन्हा घड्याळ. शिंदे काहीतरी बोलला. बाई हसल्या. मला ऐकू आले नाही.

सांगण्यासाठी मी एक वाक्य बसमध्ये तयार केले होते. दार उघडले असते तर आतले तापमान हलले असते आणि त्यांचे माप बिघडले असते. मी ती दुसरी ओळ पुन्हा एकदा वाचली. तपासणीत काही कमी सापडले नाही. दार न उघडता मी परत फिरलो.